दिवाळें निघालेल्या पेढीकडील बिनतारणी येणें

भिवंडीजवळचें नारपोली आज भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतें. तेथें मागांचा खडखडाट रात्रंदिवस चालतो, आणि थोड्या अंतरावर काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोली या बाजूस भाताच्या खाचरांच्या जागीं गुदामांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. या टापूंतील जमीनधारकाचा जुना धंदा अगदींच सुटला नाहीं. पण त्याच्या जोडीस आणखी दोन धंदे आले. कोणी आपल्या जागेंत मागांची शेड घालून दुसऱ्याच्या सुताचें कापड मजुरीवर विणून देतो. कोणी गुदाम बांधून तें कंपनीस भाड्यानें देतो. आणि ज्याची शेती शिल्लक आहे तो भात, भाजीपाला, पेंढा व्यापाऱ्यास घालतो. तिन्ही व्यवहारांत एक गोष्ट समान आहे. माल किंवा काम आधीं जातें आणि पैसा मागाहून येतो. मधल्या काळांत जमीनधारकाच्या हातीं तारण म्हणून कांहींच नसतें. समोरची पेढी बसली म्हणजे या मधल्या काळांत आपण कायद्याच्या दृष्टीनें कोण होतों, हें त्यास बहुधा प्रथमच कळतें.

तो बिनतारणी धनको होता. ज्याच्याजवळ गहाणखत आहे तो तारणी. ज्याच्याजवळ नुसती पट्टी, चलन किंवा वहीची नोंद आहे तो बिनतारणी. बँक पेढीस पैसे देते तेव्हां गुदाम, यंत्रें, शिल्लक माल आणि बाजारांतील येणें या सर्वांवर आपला बोजा लिहून घेते. शेतकरी आपला माल त्याच गुदामांत उतरवतो, आणि एकदां मालकी व्यापाऱ्याकडे गेली कीं तो माल बँकेच्या बोज्याखालीं जातो. म्हणजे दिवाळें निघाल्यावर बँकेच्या पदरीं जी रक्कम पडते तिच्यांत शेतकऱ्याच्या न चुकवलेल्या भाताची किंमतही असूं शकते. हें वाचून कोणासही चीड येईल. परंतु येथें कोणी लबाडी केलेली असतेच असें नाहीं. एकानें कागद करून पैसा दिला, दुसऱ्यानें विश्वासावर माल दिला, आणि कायदा कागद वाचतो.

आपल्याकडील कायद्यास शेतकऱ्याची ओळख जुनी आहे, पण ती ऋणको म्हणून. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगा झाला व तो आसपासच्या गांवांत पसरला. त्याची चौकशी होऊन १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करण्यांत आला, आणि त्यांत शेतकऱ्याच्या नादारीचें स्वतंत्र प्रकरणही घालण्यांत आलें. शेतकऱ्यास दुसऱ्याकडून येणें असूं शकेल, तेंही लाखांच्या घरांत, ही कल्पना त्या काळच्या कायदेकारांच्या मनांत नव्हती. आज द्राक्ष बागाईतदार, कांदा पिकवणारा, मागवाला किंवा गुदामवाला हा एका हंगामांत अनेक पेढ्यांचा धनको असतो. त्याचें संरक्षण करणारा वेगळा कायदा कोणीं केला नाहीं. सर्वसाधारण व्यापारी कायद्यांतच त्यास आपली वाट शोधावी लागते.

प्रथम पाहावयाचें तें हें, कीं बुडालेला इसम कोण आहे. तो एकटा व्यापारी किंवा साधी भागीदारी असेल तर एक कायदा, आणि कंपनी किंवा मर्यादित जबाबदारीची भागीदारी असेल तर दुसरा. बिलाच्या माथ्यावर 'प्रायव्हेट लिमिटेड' हे शब्द आहेत कीं नाहींत, एवढें पाहण्याचीही तसदी पुष्कळ लोक घेत नाहींत. वास्तविक सर्व पुढील मार्ग त्यावरून ठरतो.

भिवंडीच्या बाजारांतील पुष्कळ पेढ्या एकट्याच्या किंवा भागीदारीच्या असतात. ठाणें जिल्ह्यांतील अशा पेढीस १९२० चा प्रांतिक नादारीचा कायदा लागतो व काम जिल्हा न्यायालयाच्या अधिकारांत येतें; पेढी मुंबई शहरांत काळबादेवीस असेल तर १९०९ चा इलाखा-शहरांचा कायदा लागतो व काम मुंबई उच्च न्यायालयांत जातें. २०१६ सालीं झालेल्या नादारी व दिवाळखोरी संहितेंत व्यक्ती व भागीदारी यांच्यासाठींही एक भाग लिहिलेला आहे. परंतु १ डिसेंबर २०१९ रोजीं तो अंमलांत आला तो कंपनीच्या कर्जास जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरताच. बाकीच्यांच्या बाबतींत शंभर वर्षांपूर्वींचा कायदाच चालू ठेवण्यांत आला. सबब तो समजून घेणें केवळ इतिहासाची हौस म्हणून नव्हे, तर व्यवहार म्हणून अवश्य आहे.

या कायद्यानें धनकोच्या हातीं जो अधिकार दिला आहे तो कागदावर तरी बराच मोठा आहे. मूळ कायद्याप्रमाणें ५०० रुपयांचें निश्चित येणें असलेला धनको ऋणकोस नादार ठरवून घेण्यासाठीं अर्ज करूं शकतो. अट अशी कीं, ऋणकोनें नादारीचें कृत्य केलेलें असावें, आणि तें अर्जापूर्वीं तीन महिन्यांच्या आंत घडलेलें असावें. नादारीचें कृत्य म्हणजे काय, याची यादी कायद्यांत आहे. धनकोंस चुकविण्याच्या हेतूनें पेढीची जागा किंवा राहातें घर सोडून जाणें. त्याच हेतूनें मालमत्ता दुसऱ्याच्या नांवें करणें. आपण देणीं थांबवलीं असें धनकोंस कळविणें. हीं त्यांतील मुख्य होत. व्यापारी पेढीस कुलूप घालून गेला, कीं लोक त्याच्या गांवीं माणसें पाठवतात, दलालास धरतात, मध्यस्थ बसवतात, आणि चवथ्या महिन्यांत वकिलाकडे जातात. तोंवर त्या कृत्याची मुदत संपलेली असते.

न्यायालयानें नादारी जाहीर केली म्हणजे नादाराची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा त्यानें नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यांत जाते, आणि तिचा परिणाम अर्ज दाखल झाला त्या दिवसापासूनचा धरला जातो. त्यानंतर न्यायालयाच्या परवानगीवांचून कोणत्याही धनकोस स्वतंत्र दावा लावतां येत नाहीं. प्रत्येकानें आपलें येणें प्रतिज्ञापत्रानें शाबीत करावयाचें. रिसीव्हर वांटणी करतो. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. हुकूमनामा मिळवून मालावर जप्ती आणली म्हणजे आपण इतरांच्या पुढें गेलों, असें लोक समजतात. परंतु नादारीचा अर्ज न्यायालयानें दाखल करून घेण्यापूर्वीं त्या जप्तींतून जो पैसा वसूल झाला असेल तेवढ्याचाच लाभ जप्ती आणणाऱ्यास मिळतो. माल नुसता जप्त होऊन पडला असेल तर तो सर्वांच्या वांटणींत जातो.

वांटणी कशी होते हें कल्पित आंकड्यांनीं पाहूं. समजा, सुताच्या एका पेढीची सर्व मालमत्ता विकून ६० लाख रुपये आले. त्यांपैकीं ४५ लाख बँकेकडे गहाण असलेल्या गुदामाचे. ते बँक नेते. उरलेल्या १५ लाखांतून रिसीव्हरचा खर्च, सरकारी देणें आणि नोकरांचा कायद्यानें ठरलेला पगार मिळून ३ लाख गेले. राहिले १२ लाख. बिनतारणी धनकोंचें एकूण येणें ८० लाख. म्हणजे रुपयास १५ पैसे. ज्या मागवाल्याची २ लाखांची मजुरी अडकली त्याच्या हातीं ३० हजार पडतील, तेही कांहीं वर्षांनीं. आतां समजा, त्या व्यापाऱ्यानें अर्जाच्या आदल्या वर्षीं ८ लाखांची एक खोली मोबदला न घेतां आपल्या मेहुण्याच्या नांवें करून दिली होती. अर्जापूर्वीं दोन वर्षांच्या आंत केलेला असा फुकटचा व्यवहार रिसीव्हरच्या मागणीवरून रद्द होऊं शकतो. ती खोली परत आली तर १२ चे २० लाख होतात आणि रुपयास २५ पैसे पडतात; त्याच मागवाल्यास ५० हजार मिळतात. तसेंच अर्जापूर्वीं तीन महिन्यांत एखाद्या धनकोस इतरांच्या आधीं मुद्दाम झुकतें माप देऊन पैसे चुकते केले असतील, तर तेंही उलटवितां येतें. रिसीव्हर स्वस्थ बसला तर, आपलें येणें शाबीत केलेला धनको न्यायालयाच्या परवानगीनें स्वतः हें काम चालवूं शकतो. व्यापाऱ्याचा मेहुणा कोण आणि खोली कधीं कोणाच्या नांवें झाली, हें रिसीव्हरला ठाऊक नसतें. बाजाराला ठाऊक असतें. बिनतारणी धनकोची खरी ताकद या माहितींत आहे, आणि आमच्या समजुतीप्रमाणें तीच सर्वांत कमी वापरली जाते. लोक चहाच्या दुकानांत जें बोलतात तें लेखी अर्जांत लिहीत नाहींत.

कंपनीची गोष्ट निराळी. तिला २०१६ ची संहिता लागते आणि काम राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढें चालतें. या संहितेनें धनकोंचे दोन वर्ग केले: पैसा कर्जाऊ देणारे आणि माल, काम वा सेवा देणारे. पहिल्यांस इंग्रजी संहितेंत फायनान्शियल क्रेडिटर व दुसऱ्यांस ऑपरेशनल क्रेडिटर म्हटलें आहे. आपण त्यांस पैसा-धनको व माल-धनको म्हणूं. कंपनीचें पुढें काय करावयाचें हें धनकोंची समिती ठरवते, आणि त्या समितींत मत असतें तें पैसा-धनकोंचें. माल-धनकोंचें एकूण येणें सर्व कर्जाच्या दहा टक्क्यांहून कमी नसेल तर त्यांच्या प्रतिनिधीस बैठकीस बसतां येतें; मत देतां येत नाहीं. पंक्तीला बसावयाचें, पण पानावर कांहीं वाढून घ्यावयाचें नाहीं, असा हा मान आहे.

कंपनी मोडींत निघाली तर पैशाच्या वांटणीचा क्रम २०१६ च्या संहितेच्या ५३ व्या कलमांत दिला आहे. प्रथम प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांचें चोवीस महिन्यांचें देणें व आपलें तारण सर्वांच्या वांटणींत सोडून देणारे तारणी धनको, हे बरोबरीनें. मग इतर नोकरांचा बारा महिन्यांचा पगार. मग बिनतारणी पैसा-धनको. मग सरकारी देणें. आणि त्यानंतर 'इतर सर्व देणीं'. शेतकरी, मागवाला, वाहतूकवाला हे या शेवटच्या तीन शब्दांत सामावले. ज्यानें तारणावांचून रोख पैसा उसना दिला तो चवथ्या पायरीवर, आणि ज्यानें तितक्याच किमतीचें भात दिलें तो सहाव्या पायरीवर, हा भेद आम्हांस कधींच पटला नाहीं.

सर्वोच्च न्यायालयानें २५ जानेवारी २०१९ रोजीं स्विस रिबन्स प्रकरणांत दोन वर्गांतील हा भेद घटनेस धरून आहे असा निर्णय दिला. त्यांतील मुख्य विचार असा, कीं बँका कर्ज देण्यापूर्वीं व नंतरही धंद्याची ताकद पारखत असतात, म्हणून कंपनी वांचेल कीं नाहीं हें त्या अधिक चांगलें ठरवूं शकतात. मतदानापुरता हा विचार समजण्यासारखा आहे. पण वांटणीच्या क्रमास तोच विचार कसा लागू पडतो? २०१८ सालीं दुरुस्ती होऊन घर बांधून मिळावें म्हणून बिल्डरकडे पैसे भरलेल्या लोकांस पैसा-धनको ठरविण्यांत आलें. तेही धंदा पारखणारे नव्हते. पण ते संख्येनें मोठे होते, संघटित होते व न्यायालयांत गेले. शेतमाल देणाऱ्यांनीं तशी मागणी एकमुखानें लावून धरल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

पुढील सालीं दुसरी एक दुरुस्ती माल-धनकोच्या बाजूनें झाली. कंपनी मोडींत न काढतां दुसऱ्या कोणी चालवावयास घेतली, तर मोडींत निघून जें मिळालें असतें त्याहून, किंवा येणारी रक्कम ५३ व्या कलमाच्या क्रमानें वांटली असती तर जें मिळालें असतें त्याहून, यांपैकीं जें अधिक त्याहून कमी माल-धनकोस देतां येऊं नये, असें २०१९ सालीं ठरलें. हें ऐकावयास बरें वाटतें. परंतु सहाव्या पायरीपर्यंत बहुधा कांहीं पोंचतच नाहीं, आणि शून्याहून कमी न देण्याचें वचन म्हणजे काय, हें वाचकांनींच समजावें.

औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, जिचा व्याप वाढला ती व्हिडिओकॉन कंपनी याचें ठळक उदाहरण होय. तिच्या समूहावर मान्य झालेले दावे सुमारें ६४,८३८ कोटींचे, आणि मान्यता मिळालेला प्रस्ताव सुमारें २,९६२ कोटींचा. ८ जून २०२१ रोजीं मुंबईच्या न्यायाधिकरणानें प्रस्ताव मान्य केला, पण मान्य करतांनाच माल-धनकोंस ९९.२८ टक्क्यांवर पाणी सोडावें लागत आहे याबद्दल खेद दर्शविला. ही केसांची कापणी नसून पुरें मुंडण आहे अशा अर्थाचा शेराही आदेशांत मारला. शंभर रुपयांस ७२ पैसे! सुटे भाग पुरविणारे लहान कारखानदार त्यांत होते. पुढें ५ जानेवारी २०२२ रोजीं अपील न्यायाधिकरणानें ती मान्यता रद्द केली. पण तें अपील विरोधांत राहिलेल्या महाराष्ट्र बँकेसारख्या पैसा देणाऱ्या संस्थांचें होतें. लहान पुरवठादारांचें दुःख आदेशांत नोंदलें गेलें. आदेश मात्र दुसऱ्यांच्या तक्रारीवर फिरला.

एकट्या लहान धनकोस कंपनीविरुद्ध या संहितेखालीं प्रक्रिया सुरू करण्याची वाटही २४ मार्च २०२० पासून अरुंद झाली. पूर्वीं एक लाखाची थकबाकी पुरे होती. त्या दिवशीं ती मर्यादा एक कोटी करण्यांत आली. पैसा-धनकोंस एकत्र येऊन अर्ज करण्याची मुभा सातव्या कलमांत स्पष्ट दिली आहे. माल-धनकोंच्या नवव्या कलमांत तसे शब्द नाहींत. म्हणून लहान धनकोच्या हातीं मुख्यतः उरतें तें दुसऱ्यानें सुरू केलेल्या कामांत आपला दावा वेळेवर लावणें. न्यायाधिकरणानें प्रकरण दाखल करून घेतलें कीं वर्तमानपत्रांत जाहीर सूचना येते. माल-धनकोनें 'ब' नमुन्यांत आपला दावा, बिलें, चलनें व बँकेच्या उताऱ्यासह, तींत दिलेल्या मुदतींत प्रशासकाकडे पाठवावयाचा असतो. दावा लावण्यास पैसे पडत नाहींत. न लावल्यास, एकदां नवा मालक आला म्हणजे जुनें येणें बहुधा कायमचें बुडतें.

गुदामवाल्यांसाठीं येथें थोडें थांबणें जरूर आहे, कारण नारपोलीच्या आसपास त्यांचीच संख्या वाढत आहे. भाडेकरी कंपनीवर प्रकरण दाखल झालें म्हणजे स्थगिती लागू होते, आणि ती चालूं असेपर्यंत कंपनीच्या ताब्यांतील जागा मालकास परत घेतां येत नाहीं. आपली जमीन, आपलें गुदाम, भाडें थकलेलें, आणि तरी कुलूप लावतां येत नाहीं. यामुळें अनेकांस धक्का बसतो. परंतु याची दुसरी बाजूही आहे. स्थगितीच्या काळांतील भाडें हें प्रक्रियेचा खर्च म्हणून गणलें जातें, म्हणजे तें सर्वांच्या आधीं द्यावें लागतें. त्यापूर्वींची थकबाकी मात्र माल-धनकोच्या रांगेंत जाते. धंद्याच्या जागेचें शुल्क अशा येण्यांत मोडतें, असा निर्णय अपील न्यायाधिकरणाच्या पांच सदस्यांनीं ५ जुलै २०२२ रोजीं जयपूरच्या एका प्रकरणांत दिला. म्हणून मालकानें प्रशासकास दोन वेगवेगळीं पत्रें द्यावींत: एक जुन्या बाकीच्या दाव्याचें, दुसरें चालू भाड्याच्या मागणीचें. दोन्ही एकत्र मागितलीं तर चालू भाडेंही जुन्या ढिगांत ढकललें जाण्याचा संभव असतो. अनामत रकमेसंबंधींही सावध असावें. प्रकरण दाखल झाल्यावर धनकोनें आपलें येणें व देणें परस्पर वळतें करूं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें ३ जानेवारी २०२४ रोजीं सांगितलें. करारानेंच आधीं ठरलेली व प्रकरणापूर्वींच लागू झालेली वळती हा त्यास एक अपवाद. यास्तव, भाडें थकल्यास तें अमुक दिवसांनीं अनामतींतून आपोआप वळतें होईल व अनामत पुन्हां भरून द्यावी लागेल, हें कलम नोंदलेल्या करारांत आरंभींच असावें आणि थकबाकी पडतांच अंमलांतही आणावें.

आतांपर्यंत जें सांगितलें तें बहुतेक दिवाळें निघाल्यानंतरचें. वास्तविक बिनतारणी धनकोचें संरक्षण माल हातांतून सुटण्यापूर्वींच अधिक होतें, आणि त्यासाठीं जुने कायदे पुरे आहेत.

मजुरीवर विणणाऱ्याच्या हातांत कापड असतें. १८७२ च्या कराराच्या कायद्याचें १७० वें कलम सांगतें कीं, दुसऱ्याच्या वस्तूवर ज्यानें आपलें श्रम व कसब खर्च केलें त्यास, उलट करार नसेल तर, आपली मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा हक्क आहे. हा हक्क वस्तू विकण्याचा नव्हे, अडकवून ठेवण्याचा आहे. आणि कापड टेम्पोंत चढलें कीं तो संपला. शिवाय तो त्या त्या मालाच्या मजुरीपुरताच असतो. मागच्या महिन्याची बाकी आजच्या ताग्यांवर धरून ठेवतां येत नाहीं. कारण सर्व बाकीसाठीं हातांतला कोणताही माल अडकविण्याचा हक्क १७१ व्या कलमानें बँकवाले, अडते वगैरे मोजक्यांसच दिला आहे व इतरांस तसा स्पष्ट करार करावा लागतो. मागवाल्यांनीं हें नीट ध्यानांत घ्यावें. सुताचें बीम घेतांना ज्या चलनावर सही होते त्याच चलनावर 'मागील सर्व मजुरीच्या बाकीबद्दलही माल ठेवून घेण्याचा हक्क राहील' असें एक वाक्य छापून व्यापाऱ्याची सही घेतली, तर ती बाकी निव्वळ बिनतारणी राहात नाहीं. हें वाक्य छापण्यास खर्च नाहीं. व्यापारी सही देईल कीं नाहीं एवढाच प्रश्न, आणि दहा मागवाल्यांनीं एकच चलन वापरलें तर तोही प्रश्न सोपा होतो.

मागवाल्यास आणखी एक आधार आहे जो शेतकऱ्यास नाहीं. त्याची लहान उद्योग म्हणून उद्यम-नोंदणी झालेली असेल तर २००६ च्या कायद्याप्रमाणें लेखी करार असतां अधिकांत अधिक ४५ दिवसांत आणि नसतां १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. नाहींतर बँक दराच्या तिप्पट, महिन्यास चढणारें चक्रवाढ व्याज. २०२३ च्या वित्त कायद्यानें, हे पैसे वेळेवर न देणाऱ्या व्यापाऱ्यास तो खर्च त्या वर्षीं आयकरांत वजा मिळूं नये असेंही ठरविलें, व १ एप्रिल २०२४ पासून त्याचा परिणाम कापडबाजारांत जाणवूं लागला. मात्र नोंदणी माल देण्यापूर्वींची असावी लागते, हें सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं स्पष्ट केलें. आणि पेढी बुडाल्यावर हा धनकोही सहाव्या पायरीवरच उभा राहातो. हें औषध रोग होण्यापूर्वीं घ्यावयाचें आहे.

विकणाऱ्या शेतकऱ्यासाठीं १९३० चा मालविक्रीचा कायदा पाहावा. वाड्याच्या कोलमाच्या गोणी किंवा भाजीची गाडी वाटेंत आहे, आणि खरेदीदारानें देणीं थांबवलीं अशी बातमी आली. अशा वेळीं, माल अजून वाहतूकवाल्याच्या ताब्यांत असेल तर, पैसे न मिळालेल्या विक्रेत्यास तो वाटेंत थांबवितां येतो. यासाठीं खरेदीदार न्यायालयानें नादार ठरविलेला असण्याची गरज नाहीं. नेहमीच्या व्यवहारांत देणीं देण्याचें त्यानें बंद केलें एवढें पुरे. वाहतूकवाल्यास किंवा त्याच्या कचेरीस सूचना द्यावी, ती लेखी असावी, आणि फोन करून थांबूं नये. माल नाशवंत असेल तर तो दुसऱ्यास विकण्याचीही मुभा कायद्यानें दिली आहे. गाडी खरेदीदाराच्या दारांत रिकामी झाली कीं हा हक्क गेला.

विदर्भ-मराठवाड्यांत कापूस किंवा सोयाबीन व्यापाऱ्याकडे टाकून भाव मागाहून फोडण्याची चाल आहे. व्यापारी बुडाला तर तो माल कोणाचा, हा प्रश्न निघतो. विक्री झाली होती असें ठरलें तर शेतकरी बिनतारणी धनको. माल नुसता ठेव म्हणून होता असें ठरलें तर तो शेतकऱ्याचा, आणि दुसऱ्यानें ठेवावयास दिलेली वस्तू नादार कंपनीच्या मालमत्तेंत धरूं नये असें २०१६ च्या संहितेंतही आहे. दोहोंतील अंतर एका चिठ्ठीएवढें असतें. पावतीवर 'ठेव, भाव ठरेपर्यंत मालकी शेतकऱ्याची' असें लिहिलें असेल व माल वेगळा ओळखतां येत असेल तर बोलावयास जागा राहाते. त्याहून बरें म्हणजे माल नोंदणीकृत वखारींत ठेवून तिची पावती पैशाच्या मोबदल्यांतच व्यापाऱ्याच्या हातीं द्यावी. बाजार समितीच्या आवारांत विकणाऱ्यानें सौदापट्टी, काटापट्टी व हिशेबपट्टी तिन्ही घ्याव्यात. आवाराबाहेर, बांधावर माल देणाऱ्याच्या हातीं बहुधा यांतील एकही नसते. नाशिकच्या बाजूस द्राक्षांचे पैसे बुडवून गेलेल्या व्यापाऱ्यांविरुद्ध २०२० च्या अखेरीस पोलिसांनीं मोहीम काढली तेव्हां, ज्यांच्याजवळ कागद होता त्यांची तक्रार पुढें सरकणें सोपें गेलें, यांत नवल नाहीं.

ऊस उत्पादक या बाबतींत इतरांहून बरे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानें ऊस घातल्यापासून चवदा दिवसांत किंमत, न दिल्यास साल दरशेंकडा १५ व्याज, आणि थकबाकी जमीनमहसुलाप्रमाणें वसूल करण्याची तरतूद केली. भात, भाजी किंवा द्राक्षें यांच्यासाठीं असा हुकूम कां नसावा, हें विचारण्यासारखें आहे. २०२० च्या शेतमाल व्यापार कायद्यांत त्याच दिवशीं किंवा तीन कामाच्या दिवसांत पैसे द्यावेत असें कलम होतें. पण तो सर्व कायदाच २०२१ च्या अखेरीस मागे घेण्यांत आला, आणि बऱ्या-वाईटाबरोबर तेंही गेलें.

धनादेश घेऊन ठेवणें हा तारणाचा प्रकार नव्हे, तरी उपयोगाचा आहे. तो न वटतां परत आला तर ती माहिती मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस पोंचल्यावर पंधरा दिवस वाट, व त्यानंतर एका महिन्यांत फिर्याद, हा १८८१ च्या कायद्याच्या १३८ व्या कलमाखालचा क्रम आहे. कंपनीवर स्थगिती आली असतां हें काम कंपनीविरुद्ध थांबतें. पण धनादेशावर सही करणाऱ्या संचालकाविरुद्ध थांबत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १ मार्च २०२१ रोजीं दिला. व्यवहारांत संचालकाची सही हीच पुष्कळदां कंपनीच्या गुदामाहून अधिक किमतीची ठरते.

राहिली मुदत. उधारीच्या येण्यास तीन वर्षें, आणि नादारीच्या कामांतही मुदतबाह्य येणें चालत नाहीं. व्यापारी गोड बोलतो, सणाला दहा-वीस हजार रोख हातावर ठेवतो, आणि शेतकऱ्यास वाटतें कीं खातें जिवंत आहे. पण थोडी रक्कम दिल्यानें मुदत पुन्हां सुरू व्हावयाची तर ती रक्कम दिल्याबद्दल देणाऱ्याच्या हातचें किंवा सहीचें लेखन असावें लागतें, आणि ती रक्कम मूळ मुदत संपण्यापूर्वीं दिलेली असावी लागते. धनादेशानें दिलेल्या रकमेस तें सहज मिळतें. रोख रकमेस मिळत नाहीं. म्हणून दिवाळीच्या हिशेबास व्यापाऱ्याकडे गेलेल्या माणसानें हातावरचे पैसे मोजून घ्यावेत, आणि उठण्यापूर्वीं आपल्या वहींत बाकीचा आंकडा, तारीख व त्याखालीं व्यापाऱ्याची सही घालून घ्यावी.